शेवटी नाव सांगायचं

गद्रेबाई रेकॉर्ड ऐकायच्या ती शेवटासाठी. गाणं चालू असताना त्या खुशाल तांदूळ निवडत बसत, वह्या तपासत, मधेच उठून दुधाखालचा स्टो बारीक करत. पण सुई आतल्या गोलाकडे सरकू लागली की हातातलं काम बाजूला पडे. तेव्हाच्या जुन्या रेकॉर्डींत गाणं संपताच गाणारी बाई स्वतःचं नाव सांगायची. उंच आवाजात, घाईघाईनं, रेकॉर्ड संपायच्या आत. ते नाव आलं की बाई समाधानानं मान हलवायच्या आणि आम्हाला म्हणायच्या, "गाणं काय गं, कुणीही म्हणतं. हे म्हणायला छाती लागते."

पन्नास सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही हकिगत. अंधेरीच्या आमच्या मुलींच्या हायस्कुलात त्या गाणं शिकवत. त्यांच्या तासाचा एकच कायदा होता. गाऊन झालं की पूर्ण नाव खणखणीत सांगायचं. एखादी लाजून मटकन खाली बसली की बाईंचा प्रश्न यायचा, "नाव?" त्यावरून आम्ही त्यांचं नाव नावबाई पाडलं होतं. एकदा कुणीतरी फळ्यावर भलीमोठी होडी काढून ठेवली. बाई वर्गात आल्या, फळ्याकडे बघितलं, खडू उचलला आणि होडीला शीड काढलं. "हे राहिलं होतं," म्हणाल्या, आणि तास सुरू केला. त्यानंतर त्यांना चिडवण्यात काही मजा उरली नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही दोघीतिघी त्यांच्या खोलीवर जायचो. चावीचा फोनो होता. चावी देण्याचा मान दर वेळी वेगळीला मिळायचा, आणि जास्त पिळली तर चापट. गाण्यातलं जे काही मला कळतं ते तिथंच कळलं, आणि मला बऱ्यापैकी कळतं, हे मी संकोच न करता सांगते. एका भैरवीची रेकॉर्ड आमची सगळ्यांची लाडकी होती. तीन मिनिटं संपत आल्याचं त्या गायिकेला आत कुणीतरी खुणेनं सांगितलं असावं, कारण शेवटची तान ती अशी काही आवरते की दारात पाहुणे आल्यावर घर आवरावं. तरी सूर हलत नाही. आणि मग ठणकावून नाव. दुसऱ्या एका रेकॉर्डीचा टवका उडालेला होता; तिथं एकच शब्द पुन्हापुन्हा येई आणि बाई शांतपणे म्हणत, "तिला तो आवडलाय, म्हणू दे." आजच्या गुळगुळीत रेकॉर्डी ऐकताना मला तो टवका हटकून आठवतो.

एक रेकॉर्ड मात्र संपायची आणि नाव यायचंच नाही. मी एकदा विचारलं, तर बाईंनी सरळ सांगितलं, "ती माझी आहे. अठराव्या वर्षी गायले होते. बाबा म्हणाले, गा हवं तर, पण गद्र्यांच्या घरातलं नाव बाजारात जाता कामा नये. मग छापलं, एक हौशी गायिका." एवढं बोलून त्यांनी रेकॉर्ड पाकिटात घातली. आवाजात रडगाणं नव्हतं, पण पाकिटावरून त्यांचा हात जरा जास्त वेळ फिरला. मला तेव्हा त्यांच्या बाबांचा विलक्षण राग आला होता. अजून येतो.

आमच्या वर्गात वेसाव्याची हिरा होती. कोळ्यांची मुलगी. आवाज असा की शाळेमागच्या भाताच्या खाचरात वाकलेली माणसं कमरेवर हात ठेवून उभी राहत. गाताना ती कुणाला भीत नसे. नाव सांगताना मात्र हनुवटी छातीला टेकायची. कारण आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं 'कोळी' म्हटलं की मागच्या बाकावरच्या दोन शिष्ट मुली नाकाला रुमाल लावत. बाईंनी त्या दोघींना महिनाभर पहिल्या बाकावर हिराच्या मांडीला मांडी लावून बसवलं. पण हिराचं तोंड काही उघडेना. "अगं, गाणं अख्ख्या अंधेरीला ऐकू जातं आणि नाव तुझ्या पोलक्याच्या बटणालासुद्धा नाही?" बाई म्हणत. हिरा नुसती हसायची. "बाई, मना नाय जमत," म्हणायची.

त्याच वर्षी मुलींच्या शिक्षणावर सरकारी माहितीपट निघायचा होता आणि त्यासाठी आमची शाळा निवडली गेली. कॅमेरा आला, दिवे आले, आणि घामाघूम झालेला एक चष्मेवाला डायरेक्टर आला. प्रार्थनेच्या वेळी हिरा मधे उभी राहून गाणार आणि आम्ही तिच्यामागून म्हणणार, असं बाईंनी ठरवलं. आमचा आवाज मुंबईभरच्या थिएटरांत जाणार म्हणून आम्ही आधीच हवेत होतो. मग कळलं की आवाजाचं यंत्र आणलेलंच नाही.

"आत्ता नुसती तोंडं हलवा. आवाज मागाहून चढवू," डायरेक्टर म्हणाला.

"कुणाचा?" बाईंनी विचारलं.

"यांचाच हो बाई. यंत्र घेऊन पुन्हा येऊ ना आम्ही."

"बरं. पण माझ्या मुली नुसती तोंडं हलवणार नाहीत. गातील. आणि शेवटी नाव सांगतील."

"अहो, ऐकूच येणार नाहीये ते!"

"दिसेल तर खरं!"

आम्ही गायलो. शेवटी बाईंनी कॅमेऱ्यामागून ओठांनीच विचारलं, नाव? आणि हिरानं हनुवटी उचलून आपलं नाव पहिल्यांदा मोठ्यानं सांगितलं. आवाज कुठं जात नाहीये म्हटल्यावर पोरीला जोर आला होता! बाईंचे डोळे भरलेले मी तेव्हा पाहिले. यंत्र घेऊन मात्र कुणी परत आलं नाही. बाईंनी दोनदा विचारणा केली, नंतर सोडून दिलं.

काही महिन्यांनी स्टेशनाजवळच्या थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी आमचा माहितीपट लागला. एरवी लोक तो चुकवायला बाहेर विड्या ओढत उभे राहत. त्या दिवशी वेसाव्याहून अर्धा कोळीवाडा आला होता. हिराची आई केसात अबोलीचा गजरा माळून अगदी पुढच्या रांगेत बसली होती. आम्ही मुली तिच्या मागच्या रांगेत, आणि कडेला बाई. पडद्यावर हिरा दिसली तशा शिट्ट्या वाजल्या. तिनं तोंड उघडलं, आणि कानावर आला कुठल्यातरी स्टुडिओतल्या बायकांचा गोडमिट्ट आवाज, सोबत व्हायोलिनं.

हिराची आई ताडकन उभी राहिली. "अगो, यो आवाज माझे हिराचा नाय!"

थिएटर हसलं. "बस ना मावशी खाली," कुणीतरी मागून ओरडलं. हिराची हनुवटी पुन्हा छातीला टेकली. मी तिचा हात धरला. बाई ताठ बसल्या होत्या, पडद्याकडे बघत.

गाणं संपलं. निवेदक देशाच्या कन्यांविषयी काही भारदस्त बोलू लागला. पण फिल्म कापणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं, हिरा अजून पडद्यावर होती. तिनं हनुवटी उचलली. ओठ हलले. ती काय म्हणतेय ते त्या एवढ्या थिएटरात आम्हालाच ठाऊक होतं.

"नाव?" अंधारात बाईंचा आवाज आला. वर्गात असायचा तस्साच.

हिरा उठून उभी राहिली. "हिरा धर्मा कोळी! वेसावे!"

त्या आवाजापुढे निवेदक कुठल्याकुठे गेला. मग आम्ही एकेक उठलो आणि आपापलं नाव सांगू लागलो. मीही सांगितलं. बॅटरी घेऊन दारवान धावत आला, "ए पोरींनो, काय चाललंय?" करत. पुढच्या रांगेतून टाळ्या पडायला लागल्या. आणि आम्ही सगळ्या खाली बसल्यावर कडेच्या खुर्चीवरून आणखी एकजण उठली. उंच आवाजात, घाईघाईनं, कुणी थांबवायच्या आत तिनं सांगितलं:

"वत्सला रघुनाथ गद्रे!"

तोवर आम्हाला बाईंचं पहिलं नावच माहीत नव्हतं.

पुढे बाई भावाकडे नागपूरला गेल्या आणि तिथंच वारल्या. जाताना मला त्यांनी ती पाकिटातली रेकॉर्ड दिली. आवाज काय सुरेख होता त्यांचा! अजून लावते मी. गाणं संपतं, सुई नुसतीच खरखरत फिरत राहते. मग मी ते नाव मोठ्यानं सांगते, आणि मगच सुई उचलते.