कोंडिबाच्या होडीचं एरियल

जिंतूरला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लोक दुरुस्त झालेला रेडिओ घेऊन जायचे आणि किस्सा मागं ठेवून जायचे! विद्यापीठाच्या नामांतराच्या बातम्या ऐकायला दुकानापुढं गर्दी व्हायची, तेव्हाचे हे दिवस. त्यातले निम्मे किस्से येलदरी धरणात मासे धरणाऱ्या कोंडिबाचे.

०

एका सकाळी तो काखेत ट्रान्झिस्टर घेऊन आला. "मालक, होडीवर लावायला एरियल द्या. भारीतलं!"

"पाण्यावर गाणी ऐकायचीत का?" मी छेडलं.

"न्हाई. आमची सुनी रेडिओवर बोलणार हाय. टेप करून झालंय. पुढच्या महिन्यात, पयल्या रविवारी सकाळी लागणार हाय. अन् त्या टायमाला मी जाळ्यावर असतो. जाळं उशिरा काढलं तर मासे नासतेत."

सुनी त्याची पोरगी, पाचवीत होती. त्याच्या घरातून शाळेत गेलेली ती पहिलीच. कार्यक्रम एकदाच लागणार, हुकला की हुकला! मी चेष्टा आवरती घेतली.

०

पहिल्यांदा बांबूवर तांब्याची तार ताणून दिली. चौथ्या दिवशी कोंडिबा बांबूसकट हजर.

"मालक, ह्याच्यावर बगळे बसायलेत. वरून मासे हेरायलेत अन् जाळ्यातून पळवायलेत!"

"आणि रेडिओ?"

"त्यो खरखरायलाय."

०

मग भंगारातून एका जुन्या जीपचं एरियल शोधलं, चांगलं लांब दांडीचं. आठवडाभर तक्रार नाही. बाजारात त्याची बायको गंगाबाई भेटली, तिला विचारलं, "वहिनी, एरियल कसं काय?"

"लय झ्याक! दारात आडवं बांधलंय, त्याच्यावर मासे दोन दिसांत वाळायलेत!"

०

शेवटी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी स्वतःच होडीत जाऊन बसलो. होडी पत्र्याची, आणि कोंडिबानं रेडिओ ठेवलेला तळाशी, पाण्यात पडू नये म्हणून! पत्र्याआड आवाज पोचणार कसा? तो उचलून वरच्या फळीवर ठेवला, जरा फिरवला, तर परभणी केंद्र खणखणीत. एरियल काढून टाकलं तरी खणखणीत. फक्त वाऱ्यानं होडी वळली की रेडिओची दिशा चुकून आवाज बसायचा.

महिनाभर मी दुकानात बसून एरियल निवडत होतो. मला माझीच लाज वाटली.

"म्हंजे एरियल नकोच?" कोंडिबानं विचारलं.

"नको. होडी तेवढी एका तोंडाला धरून ठेव."

"माझे हात जाळ्यात. वल्ह्यावर कुणालातरी बसवावं लागंल."

०

रविवारी मलाही राहवलं नाही. भल्या सकाळी धरण गाठलं आणि त्याच्या होडीत चढलो. गंगाबाईचा हात दुखावला होता, म्हणून वल्ह्यावर सुनीच बसली होती. पोरीनं होडी जागच्या जागी अशी धरली होती की रेडिओची खरखरसुद्धा नाही.

निवेदकानं नाव घेतलं. शाळेचं, गावाचं. मग सुनीचा आवाज आला, 'माझं गाव धरणाच्या काठाला आहे.' कोंडिबाचे हात थांबले. वर आलेलं जाळं सळसळत परत पाण्यात गेलं, त्याला पत्ता नाही.

वल्ह्यावरून सुनी हळूच म्हणाली, "आबा, आता पुढं मी अडखळले बघा..."

रेडिओवरची नजर न काढता कोंडिबानं तिच्याकडं हात केला.

"गप बस गं! माझी सुनी बोलायलीय!"