बावीस मोजले, आबा राहिले

माझे यजमान गेले, त्यानंतर तीन वर्षं मी बिरोबाच्या देवळाची पायरी चढले नाही. ते बारामतीच्या एमआयडीसीत कामाला होते. कामावरून मोटरसायकलवर घरी येताना अपघात झाला आणि दोन दिवस ते दवाखान्यात बेशुद्ध होते. त्या दोन दिवसांत मी देवाला काय काय कबूल केलं नाही! अनवाणी येईन म्हटलं, चांदीचे डोळे वाहीन म्हटलं, जन्मभर गोडाला शिवणार नाही म्हटलं. त्यानं त्यातलं काहीच घेतलं नाही. मग मीही ठरवलं, तू तुझ्या घरी, मी माझ्या घरी. माझा राग असाच आहे. पाहुण्यासारखा येत नाही, बाडबिस्तरा घेऊन राहायलाच येतो.

कन्हेरीच्या घरात आम्ही तिघं उरलो. मी, माझी सहा वर्षांची मुलगी आणि माझे सासरे. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबांनी सगळी हयात मेंढरांमागं काढली होती. गुडघे गेल्यावर कळप विकला, पण खांद्यावरची घोंगडी काही सुटली नाही. मी अंगणवाडीत जायची, ते ओसरीवर बसून नातीला सांभाळायचे. आमचं दोघांचं बोलणं फार नव्हतंच. भाकरी वाढली, पाणी ठेवलं, औषध घेतलं का, एवढंच. मुलगा गेल्याचं त्यांनी माझ्यासमोर कधी बोलून दाखवलं नाही. दर अमावास्येला देवळात जायचे आणि भंडारा आणून चौकटीवर ठेवायचे. मी तो पुसायचीही नाही आणि लावायचीही नाही.

माझा भाऊ बावड्याला असतो. त्याचं म्हणणं, तरुण बाई, पदरात लेकरू, तिथं किती दिवस काढणार? त्यानं तिकडच्या अंगणवाडीत माझ्यासाठी शब्द टाकला होता, घरातली एक खोलीही रिकामी केली होती. आबांना त्यांच्या पुतण्याकडं ठेवायचं ठरलं. पुतण्या वाईट नव्हता, पण त्याच्या घरात माणसांपेक्षा भांडणं जास्त होती. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी हो म्हटलं होतं. राहिलं होतं ते आबांना सांगायचं.

त्याच सुमारास गावातल्या शांताकाकूंनी दक्षिणेच्या यात्रेसाठी गाडी ठरवली. रामेश्वर, कन्याकुमारी, आणि परतताना केरळातलं एक मोठं राखीव जंगल. तिथं वर्षातले सहा-सात महिने पाऊस पडतो, झाडांचा पाला कधीच झडत नाही, वाटाड्या बरोबर येऊन सगळं दाखवतो, असं काकू रंगवून सांगायच्या. आमच्याकडं पावसाचे ढग नुसते तोंड दाखवून जातात. त्यामुळं देवांपेक्षा त्या जंगलाच्याच नावानं बऱ्याच बायका तयार झाल्या. भाऊ म्हणाला, "आबास्नी ने संगं. देव दाखव, म्हातारा खूश हुईल. आन् येताना सांगून टाक." मला ती युक्ती बरी वाटली. आज लिहिताना त्याची लाज वाटते. लेकीला भावाकडं ठेवलं आणि आम्ही दोघं निघालो.

ड्रायव्हर सोडून गाडीत आम्ही तेवीस जण होतो. रामेश्वरला सगळे दर्शनाला आत गेले आणि मी बाहेर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसले. कन्याकुमारीलाही तेच. शांताकाकू म्हणाल्या, "अगं, येवढ्या लांब येऊन दारातच बसायचं?" आबा बाहेर आले की माझ्या हातावर प्रसाद ठेवायचे आणि मी खाते की नाही हे न बघताच पुढं जायचे. मी मात्र रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं. संध्याकाळ झाली की वाटायचं, उद्या सांगू.

जंगलाकडं जाताना गाडी घाट चढू लागली आणि खिडकीबाहेर नुसतं हिरवं झालं. आबा बराच वेळ टक लावून बघत होते. मग म्हणाले, "येवढा पाला, आन् येक मेंढरू न्हाय." सगळी गाडी हसली. मलाही हसू आलं होतं, पण ते मी दाबलं. ज्याला सोडायचं ठरवलंय त्याच्याबरोबर हसायलासुद्धा जड जातं.

जंगलाच्या फाटकाशी उतरलो. वाटाड्या पन्नाशीचा, शांत माणूस होता. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यानं सांगितलं, ओळ सोडायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, आत जळवा आहेत म्हणून हे लांब कापडी मोजे गुडघ्यापर्यंत चढवायचे. आबा मोजे घालेनात आणि घोंगडीही ठेवेनात. एवढ्या दमट उकाड्यात घोंगडी कशाला, म्हणून मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा माझा तोल गेला. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "मग बसा गाडीतच. न्हायतरी तुमाला काय कळणार हाय आतलं?" ते माझ्याकडं बघत राहिले. मी पाठ फिरवली आणि तरातरा ओळीच्या पुढं जाऊन उभी राहिले. वाटाड्यानं बोट दाखवत एकेकाला मोजलं. बावीस. मी मनात म्हटलं, बरोबर, आबा गाडीत बसले.

आतलं काय सांगू? आभाळ दिसत नव्हतं. भरदिवसा रातकिडे ओरडत होते. झाडांची मुळं भिंतीसारखी जमिनीतून वर आलेली, त्यांच्या आड माणूस उभा राहिला तर दिसू नये. पाऊस नव्हता तरी पानांवरून पाणी गळत होतं. वाटाड्या एकेक झाड दाखवत होता, एकदा त्यानं काळ्या तोंडाची, पांढऱ्या आयाळीची वानरंही दाखवली. बायका तोंडाला पदर लावून कुजबुजत होत्या. माझं लक्ष कशातच नव्हतं. आपण बोललो ते बोललो, पण चारचौघांत बोललो, हे सारखं टोचत होतं. मध्येच लांबून घंटेसारखा बारीक आवाज आल्याचं मला आठवतं. मी मागं वळून पाहिलं नाही.

बारा वाजता बाहेर आलो. वाटाड्यानं पुन्हा मोजलं. बावीस. हसून म्हणाला, सगळे आले. मी गाडीत चढले. आबांची जागा रिकामी होती. ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, "आबा? ते तर तुमच्यामागनंच गेले की! मोजत हुते तवा हितं गाडीआड उभं ऱ्हायले, आन् मोजून झाल्यावर गेले वळीच्या मागनं."

ऐकलं आणि मी वाटाड्याला सांगायला फाटकाकडं धावले. आबा मोजू देत नसत. मेंढरं असोत की माणसं, जित्या जीवावर बोट रोखून मोजायचं नाही, नजर लागते, असं त्यांच्या कळपात चालत आलेलं. एवढी मेंढरं बाळगली, पण त्यांनी कधी आकडा काढला नाही. तोंडावरून ओळखायचे, कोण आलं नाही ते बघताक्षणी सांगायचे. हे मला माहीत होतं. बावीस ऐकून गप्प बसले ते मी. वाटाड्याची त्यात काहीच चूक नव्हती.

तो आणि आणखी दोन रखवालदार लगेच आत गेले. मला येऊ देईनात. आत हत्ती आहेत, दुपारी पाऊस येतो, तू आणखी हरवशील, म्हणाले. जाताना त्यांनी आबांचं नाव विचारलं, हाका मारायला. शांताकाकूंनी माझ्याकडं पाहिलं. आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. रेशनकार्डाच्या वेळीसुद्धा मी शेजारणीला पुढं केलं होतं. त्या दिवशी मीच सांगितलं, धुळाबा. आणि ते लोक दिसेनासे झाल्यावर फाटकाला धरून मी स्वतःच त्या नावानं हाका मारत राहिले. घसा बसेपर्यंत मारल्या. जंगलानं एकही परत पाठवली नाही.

दोन वाजले. पाऊस आला. बायका गाडीत गेल्या, शांताकाकू तेवढ्या माझ्याजवळ भिजत उभ्या राहिल्या. मला वाटत होतं, मी बोलले तसंच झालं. नको होते ना तुला? मग घे. जिभेला हाड नसतं, पण माझ्या जिभेनं त्या दिवशी हाड मोडलं होतं. फाटकाशी चिखलातच मी खाली बसले. तीन वर्षांनी बिरोबाचं नाव तोंडात आलं. नवस बोलायला मात्र काहीच सुचेना. मागच्या वेळी सगळं कबूल करून झालं होतं. एवढंच म्हणाले, "देवा, त्यांना टाकायला मीच निघाले होते. आता माझ्या हातात काही नाही. तुझं तू बघ." असं म्हटल्यावर रडू थांबलं. का थांबलं, ते मला अजूनही सांगता येणार नाही. भीती गेली नव्हती, पण ती एकटीनं धरून ठेवायची गरज उरली नव्हती.

किती वेळ गेला कळलं नाही. पाऊस थोडा कमी झाला आणि फाटकाच्या डाव्या अंगाला, जिथं वाट आहे असं कुणाला वाटलंही नसतं, तिथून घंटा वाजली. आधी एक तांबडी कालवड बाहेर आली, गळ्यात लाकडी घंटा. तिच्या पाठीवर घोंगडी होती. तिच्या एका बाजूला कमरेला लुंगी गुंडाळलेली एक काळीसावळी बाई आणि दुसऱ्या बाजूला आबा. दोघांचं चांगलं बोलणं चाललं होतं. ती तिच्या भाषेत बोलत होती, आबा आपल्या.

मला बघून आबा म्हणाले, "तोंड किती सुकलंय पोरी तुझं. खाल्लं न्हाईस काय?"

झालं होतं ते असं. आत गेल्यावर आबांना घंटा ऐकू आली. एकाच जागी वाजतीये म्हणजे जनावर अडकलंय, हे त्यांना लगेच कळलं. ते ओळ सोडून गेले. कालवडीचा पाय मुळांच्या बेचक्यात गेला होता. तो सोडवला, पण तिला टेकवेना. मग तिला तिथंच टाकून यायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. "धनी येतोच की हुडकत," ते म्हणाले. "जित्राब गेल्यावर कोण घरात बसतंय?" तिच्या अंगावर घोंगडी टाकून, पायावरच्या जळवा काढत ते तीन तास बसून राहिले. ती बाई जंगलाच्या कडेच्या वस्तीतली. सकाळपासून कालवड हुडकत होती. आबांना हुडकणारे तिघं जण भलतीकडंच गेले होते. त्या बाईची कालवड त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अडकली नसती तर आबा कधीच ओळ सोडून गेले नसते, असं कुणी म्हणेल. आणि ती बाई कालवडीच्या मागं आली नसती तर परतही आले नसते, असं मी म्हणेन. याच्यापुढं मला वाद घालता येत नाही.

शांताकाकूंनी पिशवीतून खण-नारळ काढला आणि त्या बाईची ओटी भरली. तिला काय चाललंय ते कळलं नसावं, पण तिनं खांद्यावरचं कापड पुढं धरलं. मी तिच्या चिखलानं भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं. तीन वर्षांत ते पहिल्यांदा कुठंतरी टेकलं. तिनं घाईनं मला उठवलं, माझ्या गालावरून ओला हात फिरवला आणि कालवडीला हाकत निघून गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

वाटाड्या आणि रखवालदार परतल्यावर हात जोडून त्यांचे आभार मानले आणि गाडी निघाली. आबांच्या पिंढऱ्यांवर जळवांचे बारीक डाग होते. मी खाली बसून त्यांना हळद लावत होते. तेव्हा ते सहज विचारावं तसं म्हणाले, "बावड्याला कंदी जायचं ठरलंय तुझं?"

"तुमाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"पुतण्यानं सांगितलंय मला, निघायच्या आदीच," ते म्हणाले. "मला कुठं देव बघायचे हुते गं? म्हटलं, तेवढंच पंदरा दिस पोरगी संगं ऱ्हाईल."

पंधरा दिवस ते माझ्या मनातलं ओझं माझ्याआधी उचलून चालत होते आणि मला एका शब्दानं कळू दिलं नव्हतं. मी त्यांच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं आणि रडले. यजमान गेले तेव्हासुद्धा इतकी रडले नव्हते. आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात त्या तीन वर्षांत रोज माझ्या घरातच होता. मीच कधी त्याच्याखाली जाऊन बसले नव्हते.

गावी आल्यावर मी भावाला येत नाही म्हणून कळवलं. तो वर्षभर बोलला नाही, पुढं बोलायला लागला. पुढच्याच अमावास्येला मी आबांबरोबर देवळात गेले. बिरोबासमोर उभी राहिले तेव्हा भांडायला काही उरलं नव्हतं. त्या दुपारी मी आबांना देवाच्या हवाली केलं होतं. त्यानं मलाच आबांच्या पदरात टाकलं. आबा त्यानंतर सहा वर्षं होते. त्या सहा वर्षांत मी देवाकडं काहीच मागितलं नाही. मागायचं सुचलंच नाही.