पोलाद, ॲल्युमिनियम आणि गुलाबभाऊंचा कौल

माझे संपूर्ण नाव वासुदेव गणपत डबीर. वय एकोणऐंशी. शाळा सातवीत सुटली. त्यानंतर जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून, कोणाचेही साहाय्य न घेता. किस्से मी मुद्दाम जमवत नाही. परंतु तीन माणसे एका छपराखाली रोज एकाच विषयावर भांडत असतील, तर कानशीखाली कीस साचावा तसे ते साचत जातात.

हे छप्पर गांधीबागेमागच्या एका गल्लीत आहे. तेथे नंदू भुरे जुन्या घडणीच्या नव्या सायकली तयार करतो. पितळी घंटी, गोल दिवा, चामडी सीट, सर्व जुन्या पद्धतीचे. जुनी सूचिपत्रे वाचून कोणता भाग कसा असावा हे सांगणे माझ्याकडे आणि फ्रेम घडवणे गुलाबभाऊ मेश्राम यांच्याकडे. पोलादी नळ्या गॅसच्या ज्योतीवर तापवून पितळेने जोडायच्या, हे काम ते नंदूच्या वडिलांच्या काळापासून करत आले.

वाद एवढाच, की पुढच्या मालाची फ्रेम पोलादाची असावी की ॲल्युमिनियमची. ॲल्युमिनियमची फ्रेम बाहेरून तयार होऊन येणार. म्हणजे गुलाबभाऊंना काम उरणार नाही. म्हणून नंदूने त्यांना शब्द दिला होता, "तुम्ही नाही म्हटलं, की विषय खतम. महिनाभर विचार करा." आणि एक ॲल्युमिनियमची नमुना सायकल त्याने दुकानात आणून उभी केली.

*

या प्रश्नाचा शास्त्रीय निकाल लागावा म्हणून मी तीन दिवस वाचन केले. घनता, ताण, कंप, धातूला येणारा थकवा, असे मुद्दे काढून चहाच्या वेळी मी चाळीस मिनिटे विवेचन केले. अखेरीस शंका विचारण्याची मुभा दिली.

गुलाबभाऊंनी बशी खाली ठेवली. "काकाजी, सायकल चालवता येते का तुम्हाले?"

येत नव्हती. अद्यापही येत नाही.

*

बेसा भागातून एक दांपत्य आले. नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, भिंतीशी, कुंडीच्या शेजारी त्यांना जुन्या धर्तीची सायकल उभी करावयाची होती. मी दोन्ही धातूंचे गुणदोष क्रमवार सांगितले. गृहस्थ माना डोलवत राहिले. बाईंनी मात्र माझे बोलणे संपण्याची वाट पाहिली आणि विचारले, "आम्हाले चालवायची नाहीच आहे जी. यातली पुसायले सोपी कोणती?"

या मुद्द्यावर कोणत्याही ग्रंथात मला काहीही आढळले नाही.

*

एका निवृत्त हवालदारांनी नमुना एका हाताने उचलला आणि लगेच खाली ठेवला. ही वाऱ्याने उडून जाईल, असे म्हणून ते निघाले. उद्या भारी सायकल दाखवतो, असे सांगून नंदूने त्यांना बोलावले आणि त्याच सायंकाळी सीट काढून नळीत गच्च वाळू भरली. ग्राहकाची अशी फसवणूक करू नये, हे मी त्याला शुद्ध भाषेत बजावले. त्याने मला चाळणी धरायला लावले.

दुसऱ्या दिवशी हवालदारांनी सायकल उचलून पाहिली, समाधानाने हुंकार दिला आणि फेरी मारायला गेले. ते परतले तेव्हा रस्त्यावर त्यांच्यामागे वाळूची बारीक रेघ उमटली होती. उरलेली वाळू पेडलच्या बेअरिंगमध्ये शिरली होती आणि प्रत्येक फेऱ्याला करकर आवाज येत होता. नंदूचा चेहरा पांढरा पडला.

हवालदार उतरले. डोळ्यांत पाणी होते. "आमच्या जुन्या सायकलचा असाच आवाज होता. हिले हात नका लावू आता."

*

एका दुपारी नंदू बाहेर गेलेला असताना गुलाबभाऊंनी ॲल्युमिनियमच्या नळीचा तुकडा शिकंजात धरला आणि ज्योत लावली. हे कामही आपल्याला जमते का, ते त्यांना कोणी नसताना पाहावयाचे होते. मी कोपऱ्यात वाचत होतो. मला ते गणतीत धरत नाहीत. नळी लाल होईल म्हणून ते वाट पाहत राहिले. ती लाल झाली नाही. जशीच्या तशी पांढरी दिसत होती आणि एकाएकी गुळासारखी खचून खाली पडली.

"लोखंड लाल होऊन सांगते, काकाजी, की आता थांब," ते म्हणाले. "हे काही बोलतच नाही. याचं कसं समजावं माणसानं?"

असे का होते, हे मला पाठ होते. मी सांगितले नाही.

*

महिना संपत आला. गुलाबभाऊ नाही म्हणणार, याविषयी कोणालाही शंका नव्हती.

त्यांच्या पत्नी कमलबाई धंतोलीच्या एका दवाखान्यात आया आहेत. गुलाबभाऊंनीच घडवलेल्या पोलादी सायकलवर त्या बावीस वर्षे कामाला जातात. घर वरच्या मजल्यावर. खालून एकदा सायकल चोरीला गेल्यापासून कमलबाई रोज सायंकाळी ती जिन्याने वर नेतात. त्या आठवड्यात तिची चेन तुटली, म्हणून दोन दिवस त्यांनी, हवालदारांनी नेलेल्या नमुन्याच्या जागी नंदूने आणलेली ॲल्युमिनियमची दुसरी सायकल वापरली.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबभाऊ दुकान उघडण्याआधीच येऊन पायरीवर बसले होते. आदल्या सायंकाळी ते घरी वर, जिन्याच्या तोंडाशी उभे होते. कमलबाईंनी एका हातात भाजीची पिशवी घेतली, दुसऱ्या हाताने सायकल खांद्याला लावली आणि बोलत बोलत सरळ वर आल्या.

"आपली लोखंडी आणते, तवा दोनदा थांबते ती," ते मला म्हणाले. "इतकी वर्षं मले वाटे, शेजारणीशी बोलायले थांबते."

तेवढ्यात नंदू आला. गुलाबभाऊ उठले. "नंदू, ॲल्युमिनियमच आण."

नंदूला वाटले, ते रागावले. "काहून जी, गुलाबभाऊ? काय झालं?"

"एकदा सायकल घेऊन जिना चढून बघ," ते म्हणाले आणि आत जाऊन गॅसची नळी गुंडाळू लागले.

तेव्हापासून आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या फ्रेम बाहेरून तयार होऊन येतात. पोलादी फ्रेम कोणी मुद्दाम मागितली तरच घडवली जाते. गुलाबभाऊ आठवड्यातून दोन दिवस येतात.