नेरूळचा बंद फ्लॅट

ऑइलपेंटचा वास आला की दादाचा नेरूळचा नवा फ्लॅट आठवतो. लग्नाआधी दिवस गेले म्हणून त्याने मला तिथे ठेवलं होतं. कामावर जाताना जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावायचा. डॉक्टर नवऱ्याचं नाव विचारतील म्हणून तपासणीही नव्हती. सातव्या महिन्यात पाय सुजले, डोळ्यांपुढे अंधारी आली. दाराशी रडताना मला समोरच्या फ्लॅटमधल्या मुसलमान मावशींनी, खालांनी, पाहिलं. "पोरी, हे पाय बरे नाय," म्हणत त्यांनी कुलूप तोडवलं, मला दवाखान्यात नेलं. नर्सने नवऱ्याचं नाव विचारताच त्या कडाडल्या, "आधी तिचं बीपी बघा!" मी वाचले, बाळ गेलं. संध्याकाळी दादा आला आणि खाटेशी वाकून त्याने विचारलं, "कोणाकोणाला कळलं?" मी कशी आहे, हे त्याने आजवर विचारलेलं नाही.