शेजारणीची घाई

चारकोपला आमच्या समोरच्या घरात राहणारी बाई कुणाचंच वाक्य पुरं होऊ देत नाही. भाजीवाला "ताई, आज मेथी..." म्हणाला, की "जून आहे, नको" हिचं तयार. मी तर तिच्याशी निम्मंच बोलते, बाकीचं ती बघून घेते.

पण हल्ली तिची पाचवीतली लेकही निम्मंच बोलायला लागली. वाक्य सुरू करायची आणि आईच्या तोंडाकडे बघायची. शाळेत बाईंनी काही विचारलं तरी तेच. फक्त तिथे पुढचं बोलायला आई नसते.

हे कळल्यापासून लेक गणितं सोडवायला बसली की ही माझ्याकडे येते. "तिथे थांबले ना, तर मीच सोडवीन गं," म्हणते. बसत मात्र नाही. माझा ओटा पुसते, डबे सरळ करते, दाराकडे बघते.

काल मी तिला लसूण सोलायला बसवलं. तेवढ्यात लेक वही घेऊन दारात आली.

"आई, हे अपूर्णांकाचं गणित मला..." आणि थांबली.

बाईचं तोंड उघडलं. पण तिने हातातली लसणाची पाकळी तोंडात टाकली आणि चावत राहिली. पोरगी वाट बघत उभी. मलाच राहवेना.

"मला... परत एकदा करून बघायचंय," शेवटी पोरगी म्हणाली आणि गेली.

बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "केवढा तिखट आहे गं तुझा लसूण," ती म्हणाली, आणि दुसरी पाकळी सोलून हातात धरून बसली.