म्हशीने खाल्लेली बाजरी

परवीन मुलाणीला गाव 'पळवणाऱ्या मॅडम' म्हणतं, आणि त्यात कौतुक कमी, टिंगल जास्त. सांगलीच्या हळदबाजारात वाढलेली ही बाई लग्न होऊन उंब्रजला आली. नवरा नियाज पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, ती शेजारच्या गावातल्या हायस्कुलात खेळ शिकवते. शिकवते म्हणजे काय, तर बळकावलेले खेळाचे तास परत मागत फिरते. परीक्षा जवळ आली की पहिली कुऱ्हाड मैदानावर. गणित राहिलंय, घ्या खेळाचा तास. परवीन भांडते, मुख्याध्यापक हसून "बघू, बघू" म्हणतात. त्या 'बघू'वर तिचे केस पिकले.

नववीतली सोनिया पळायला लागली की मात्र परवीन सगळं विसरायची. पोरगी तालुक्याला पहिली आली होती, आता जिल्ह्याची शर्यत होती. पण दिवाळीनंतर ती अर्ध्या मैदानातच गुडघ्यावर हात ठेवून थांबायला लागली. ओठ पांढरे, पापणीच्या आत बघावं तर तिथेही लाली नाही. उंब्रजच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं, "शर्यतीआधी पुन्हा तपासू. रक्त वाढलं तरच पळायचं. आणि नुसत्या गोळ्यांवर किती दिवस काढणार? ताटात काय पडतं ते बघा."

ताटात काय पडत होतं? तुपाची चपाती आणि वर चहा. सोनियाचे आजोबा लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन आलेले, ऊस बांधापर्यंत. अशा घरात बाजरी कोण शिजवतं? परवीनने खटाव भागातून बाजरीचं पोतं मागवलं. दिसायला साधीच, पण नेहमीच्या बाजरीपेक्षा लोह जास्त असलेल्या वाणाची. नियाजने ते मोटारसायकलवर बांधून आणलं आणि सुभेदारांच्या सोप्यात टाकलं. परवीनने हात जोडून सांगितलं, "बापू, लई ताकदीची बाजरी आहे. रोज भाकरी करा. आणि जेवणावर चहा देऊ नका, लोह अंगी लागत नाही."

"आवं मॅडम, तुमी सांगितलं म्हंजे झालं!" लालासाहेब म्हणाले.

झालं नाहीच. शर्यत तोंडावर आली, पुन्हा तपासणी झाली, रक्त होतं तिथेच. डॉक्टरीणबाईंनी पळायला नाही म्हटलं. परवीन तशीच तणतणत सुभेदारांच्या घरी गेली. अंगणात पाय टाकताच शिजलेल्या बाजरीचा आणि गुळाचा वास आला. तिला क्षणभर बरं वाटलं. मग दिसलं, वास गोठ्यातून येत होता. नुकत्याच व्यालेल्या म्हशीपुढे घमेलं होतं आणि म्हैस डोळे मिटून चाटत होती.

"ही कुठली बाजरी, बापू?"

"तुमचीच की! म्हस व्याली न्हवं का. व्यालेल्या जनावराला बाजरी-गूळ लागतोच. त्यात तुमी म्हनला, लय ताकदीची हाय. दूध बगा कसं वाढलंय."

"मी ती सोनियासाठी आणली होती!"

आतून राहीबाई, सोनियाची आजी, पदर सावरत आली. "आवं मॅडम, पोरीच्या जातीला बाजरी उष्ण पडती. आन् सुभेदाराची नात डब्यात बाजरीची भाकरी न्हेती, लोकं काय म्हनत्याल?"

"आणि गोळ्या?"

"त्या घेती की. रोज चहाबर."

परवीनने कपाळावर हात मारला. घरात सगळे सज्जन, सगळ्यांचा जीव पोरीवर, आणि पोरीच्या अंगात रक्त नाही. भांडायचं कुणाशी? म्हशीशी?

शर्यतीच्या दिवशी सोनिया साताऱ्याच्या मैदानाच्या कडेला दुसऱ्या मुलींच्या चपला सांभाळत बसली. रडली नाही. ते परवीनला जास्त लागलं. तेवढ्यात लालासाहेब किटली घेऊन आले. "घे बाळा, दूध पी. त्याच बाजरीचं हाय, लोखंड उतरलं आसंल त्यात."

"दुधात लोह नावालाही नसतं, बापू."

"मग येवढी बाजरी खाल्ली, त्यातलं लोखंड गेलं कुठं?"

"शेणात! तुमच्या उसाला घाला, ऊस पळेल!"

आजूबाजूचे हसले. लालासाहेब हसले नाहीत. मैदानात दुसऱ्याच गावची पोर पहिली आली, टाळ्या वाजल्या, आणि ते नातीच्या मांडीवरच्या चपलांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उरलेलं पोतं घेऊन परवीनच्या दारात उभे. मागे सोनिया. "आमच्या घरात म्हातारी ऐकायची न्हाई. तुमीच करून घाला, मॅडम. पोरगी रोज हितंच जेवंल."

म्हणजे खेळाचे तास मागायचे तिने, पोतं मागवायचं तिने, आता भाकऱ्याही तिनेच थापायच्या! आणि सांगलीच्या चपात्यांवर वाढलेल्या या बाईला बाजरीची भाकरी आयुष्यात जमलेली नाही. पहिली तव्यावर टाकतानाच दुभंगली. नियाज दारातून म्हणाला, "दोन्ही तुकडे म्हशीलाच घालायचे का?"

"तू गप बस."

सोनियाने ते तुकडे मेथीच्या भाजीबरोबर खाल्ले, वर लिंबू पिळून. मग हळूच विचारलं, "मॅडम, घोटभर चहा?"

परवीनने नुसतं बघितलं. पोरीने पाण्याचा तांब्या ओढला आणि गोळी गिळली. परवीनने पुढचा गोळा परातीत घेतला आणि पुन्हा थापायला लागली. तोही कडेने फाटत होता.