खुर्चीचं पासिंग

मला एका जागी बसवत नाही. ही गेल्यापासून असं झालंय. चहा मी ओट्याशी उभ्या-उभ्या पितो. मग बूट घालतो आणि बाहेर पडतो. हॉलंडमधल्या या नीउ-व्हेनेप गावात चालायला जागा पुष्कळ, बघायला फारसं काही नाही. सगळी घरं एका साच्यातली. नवा होतो तेव्हा एकदा भलत्याच दाराला किल्ली लावत उभा राहिलो होतो, आतून एक बाई शांतपणे माझ्याकडे बघत होती. कालव्यापर्यंत जातो, परत येतो, घरात दोन चकरा मारतो, पुन्हा बाहेर. डोक्यावरून विमानं खाली येत असतात. त्यांना उतरायला जागा सापडते.

गंमत म्हणजे माझं सगळं आयुष्य बसण्यातच गेलं. सातवीनंतर शाळा सुटली आणि पुढे टेम्पो चालवला, भोसरी ते चाकण, चाकण ते भोसरी. ही म्हणायची, तुम्हाला काय, बूड टेकवलं की झाली कमाई. त्या कमाईवर पोरगा इंजिनिअर झाला आणि इकडे आला. आम्ही दोघं एका उन्हाळ्यात तीन महिने त्याच्याकडे राहून गेलो. तेव्हा ही खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची. कोथिंबीर निवडायची आणि सायकलवरून जाणाऱ्या बायकांवर मला ऐकू जाईल असं बोलायची. परत गेलो आणि पुढच्या दिवाळीआधी ती पुण्यातच गेली. पोरगा म्हणाला, बाबा, आता एकटे नका राहू. मग मी एकटाच आलो. खुर्ची इथंच होती.

घरात पोरगा, सून आणि नात. नात इथेच वाढलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत नाहीतर डचमध्ये देते. माझ्याशी मराठीत बोलायचं म्हणजे तिला वाक्य आधी मनात जुळवावं लागतं. ते जुळेपर्यंत मी कालव्यावर पोचलेला असतो.

ती शाळेत टेक्निकच्या तुकडीत आहे. सगळ्यांना मिळत नाही ती तुकडी. गणपतीला इथली मराठी मंडळी जमतात तेव्हा आमची सून कोणी विचारायच्या आत सांगते, आमची टेक्निकला आहे बरं का. या तुकडीत पोरांना आठवड्यातल्या काही दुपारी मोठ्या वर्कशॉपमध्ये सोडतात. करवत, तारांना डाग द्यायची इस्त्री, कॉम्प्युटर, सगळं हाताशी. आणि गणितं पुस्तकातली नसतात, बाहेरची खरी माणसं येऊन देतात. कोणी कंपनीवाला येतो, कोणी नगरपालिकेचा. तो आपली अडचण सांगतो, पोरांनी तीन-तीन चार-चार जणांत मिळून त्यावर तोड काढायची. मी त्या माणसाला गिऱ्हाईक म्हणतो. वरच्या वर्गातल्यांना एनस्खेडेच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत नेतात, तिथल्या प्रयोगशाळेत काम करायला देतात. आईंडहोवेनला चिपच्या कंपनीत असलेला आमच्या पोराचा एक मित्र आला होता. तो म्हणाला, काका, मला हे सगळं इंजिनिअर झाल्यावर बघायला मिळालं. नात तिथंच बसून ऐकत होती. तिला ते हवं होतं, हे मला डोळ्यांवरून कळलं. त्याला भाषा लागत नाही.

पण तिचं तिथलं राहणं पक्कं नव्हतं. वर्ष संपताना मास्तर ठरवतात कोण पुढे जाणार. मागच्या कामात तिला शेरा मिळाला होता की वस्तू छान बनवते, तपासून बघत नाही, अंदाजाने ठोकते. हेही काम तसंच झालं तर पुढच्या वर्षी साध्या तुकडीत जावं लागेल, असं मास्तरांनी तोंडावर सांगितलं होतं. इथे सगळं तोंडावरच सांगतात. मला ते आवडतं.

या खेपेचं गिऱ्हाईक म्हणजे एका वृद्धाश्रमाच्या बाई. त्यांची अडचण अशी की म्हातारी माणसं तासन्‌तास खुर्चीत बसून राहतात, उठत नाहीत आणि कोणाच्या लक्षात येत नाही. नात आणि तिच्या दोन मैत्रिणी, एक ताडमाड डच पोरगी आणि एक तुर्की घरातली, तिघींनी मिळून एक गादी बनवली. खुर्चीत ठेवायची पातळ गादी, आत तारा. माणूस बसला की फोनवर रेघ वर जाते, उठला की खाली येते. फारच वेळ बसला तर टेबलावरचा छोटा दिवा लागतो. आता ती वापरून बघायला म्हातारा पाहिजे. डच पोरीचे आजी-आजोबा घरगाडी घेऊन स्पेनला गेलेले. तुर्की पोरीचा आजोबा बाजारात मासे विकतो, त्याला सवड नाही. राहिलो मी.

नातीने गादी खिडकीजवळच्या खुर्चीत ठेवली, उजेड चांगला म्हणून. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही फक्त नॉर्मल राहा. रोज बसता तसं बसा."

मी मान डोलावली. ती सायकल काढून शाळेला गेली. मी त्या गादीकडे बघत उभा राहिलो. रोज मी बसतो कुठे? आणि मी बसलो नाही तर दिवा लागणार नाही. दिवा लागला नाही तर पोरीचं यंत्र नापास, आणि यंत्र नापास तर पोरगी तुकडीतून बाहेर. माझा हिशेब सरळ होता.

आमच्या धंद्यात गाडीचं पासिंग असतं. साहेब गाडी तपासतो, चांगली असेल तर सर्टिफिकेट देतो. आता रोज चालणाऱ्या टेम्पोचे टायर गुळगुळीतच असणार. मग काय करायचं, दोस्ताच्या गाडीचे चांगले टायर मागून आणायचे, आरसा कोणाचा, हॉर्न कोणाचा. पासिंग झालं की ज्याचं त्याला परत. सगळे तेच करायचे. त्याला कोणी खोटं म्हणत नव्हतं, पासिंग म्हणायचे.

तसा मी त्या खुर्चीत बसलो.

मला विचारा ते बसणं काय होतं. पाय आपोआप हलायचे. कान स्वयंपाकघराकडे जायचे. खिडकीसमोरून एक बाई सायकलच्या पुढच्या पेटीत तीन पोरं घालून पायडल मारत गेली, आणि ही काय बोलली असती ते मला शब्दन्‌शब्द ठाऊक होतं. उठावंसं वाटायचं, मी हातांनी खुर्चीचे दांडे धरून ठेवायचो. दिवा लागला की सुटल्यासारखं वाटायचं. पाणी पिऊन यायचो, पुन्हा बसायचो. कालव्याकडे फिरकलोच नाही. शाळेतून आली की नात फोनवर बघायची आणि मैत्रिणींना काहीतरी भराभरा लिहायची. मला वाटायचं, खूश आहे. आठवडा असा काढला.

मग एका संध्याकाळी जेवताना सून म्हणाली, बाबा हल्ली बाहेर पडत नाहीत, मी हाउसआर्ट्सची वेळ घेतलीय. हाउसआर्ट्स म्हणजे इथला घरचा डॉक्टर. पोरगा म्हणाला, तो पॅरासिटामॉल देईल आणि घरी पाठवेल. नातीने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. सकाळपासून दुपारपर्यंत वर चढलेली, जवळजवळ सपाट रेघ, प्रत्येक दिवशी. तेव्हा मी तिचं तोंड नीट पाहिलं. ती खूश नव्हती, घाबरली होती. त्या आश्रमाच्या बाईंनी ज्या म्हाताऱ्यांचं वर्णन केलं होतं, तसला एक आपल्याच घरात बसलाय असं तिला वाटत होतं.

मला हसू आलं. म्हणालो, "अगं, मला धाड भरलेली नाही. दिवा लागावा म्हणून बसलो. नाहीतर तुझं पासिंग कसं व्हायचं?"

पासिंग म्हणजे काय, तिने आईला विचारलं. सुनेला सांगता येईना, मग मीच सांगितलं, टायरसकट. ती ऐकत होती आणि तिचा घास हातातच राहिला.

"म्हणजे टायर दुसऱ्याचे?"

"हो."

"आणि नंतर परत जुने लावायचे?"

"मग. दोस्ताला त्याची गाडी चालवायची असते ना."

"आणि मग ब्रेक लागला नाही तर?"

यावर मी म्हणालो की लागतो, सांभाळून चालवायचं. पण ते उत्तर नव्हतं, मलाही कळत होतं.

पोरगा म्हणाला, जाऊ दे, ग्राफ छान आलाय, देऊन टाक आणि मोकळी हो. त्यावर ती त्याला डचमध्ये काहीतरी म्हणाली आणि जिना चढून गेली. पोराचे कान लाल झाले. सुनेने मला नंतर सांगितलं. नात म्हणाली होती, मग त्या कामावर माझं नाव कशाला, आजोबांचंच नाव लिहा.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच मास्तरांकडे गेली. तो माणूस ओरडला नाही. म्हणाला, पुन्हा करा, आणि गिऱ्हाइकासमोर दोन्ही आठवडे दाखवा, पहिला का फुकट गेला तेही सांगा. तू पुढे राहायचंस की नाही ते मी त्यावर ठरवीन. मैत्रिणी चिडल्या होत्या. दोघी घरी आल्या, आणि ताडमाड पोरगी माझ्यासमोर उभी राहून सरळ बोलली. नात भाषांतर करायला कचरत होती. मी म्हणालो, सांग. "ती म्हणते, तुम्ही आमचा आठवडा वाया घालवला." मी म्हणालो, तिला सांग, बरोबर आहे. त्या पोरीने मान हलवली, आणि मग तिघींनी मिळून मी केलेला शिरा संपवला.

मग नात गादीजवळ उकिडवी बसली. म्हणाली, "आता खरं सांगा. तुम्ही नेहमी कुठे बसता?"

"कुठेच नाही."

"इथे पण नाही?"

"ती तुझ्या आजीची खुर्ची आहे."

वाक्य जुळवत असेल असं मला वाटलं, पण तिने गादी उचलली आणि तारा गुंडाळायला लागली. मी म्हणालो, मग ठेवणार कुठे? ती म्हणाली, जिथे बूट घालता तिथे. दारापाशी एक स्टूल आहे, त्यावर ठेवली. या खेपेला तिने मला काही सांगितलं नाही आणि मीही काही ठरवलं नाही. मी पुन्हा कालव्याला लागलो. रेघ आली ती नुकतीच खडी पसरलेल्या रस्त्यासारखी, वर-खाली, वर-खाली. दिवा एकदाही लागला नाही. माझा जीव टांगणीला. म्हणालो, आता काय दाखवणार तू? ती म्हणाली, हेच.

गिऱ्हाइकाला दाखवायच्या दिवशी मीही शाळेत गेलो. तसं म्हाताऱ्याला सोबत आणा असं कोणी सांगितलं नव्हतं, तिनेच आग्रह केला. वर्कशॉपमध्ये खुर्च्या मांडलेल्या. मी मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. वृद्धाश्रमाच्या बाई आखूड केसांच्या, पिवळ्या चष्म्याच्या. पोरींनी भिंतीवर दोन्ही रेघा दाखवल्या, आधी सपाट, मग खडीची. मग नात बोलायला लागली. बोलता बोलता तिने माझ्याकडे बोट केलं आणि सगळे वळले. मास्तर हाताची घडी घालून ऐकत होते.

बाईंनी मला थेट विचारलं. नातीने मराठी केलं. "त्या विचारतात, तुम्ही का बसत नाही?"

खोटं बोलायचं तर तेव्हाही बोलता आलं असतं. पाय चांगले आहेत, चालायची सवय आहे. म्हणालो, "बसलं की कान स्वयंपाकघराकडे जातात. तिकडून आवाज येत नाही. मग उठतो."

नात हळूच मला म्हणाली, "हे सांगू?"

"सांग की. त्यात लपवायचं काय."

तिने सांगितलं. फार थोड्या शब्दांत सांगितलं असावं. कोणी हळहळलं नाही, बरं झालं. बाईंनी पुढचा प्रश्न विचारला, हे तुमच्या मुलाला दिव्याने कळावं असं तुम्हाला वाटतं का. मी म्हणालो, नको. दिवा कशाला, तो विचारू शकतो. हे भाषांतर ऐकून ताडमाड पोरगी हसली.

बाई स्पष्ट म्हणाल्या की गादी आहे तशी त्यांच्या कामाची नाही. पुढच्या वेळी आधी माणसासोबत एक दिवस काढा, मग वस्तू बनवा. मला वाटलं, झालं, बुडालो. बाहेर सायकलींच्या रांगेपाशी मी येरझारा घालत राहिलो. मास्तरांशी बोलून ती आली, कुलूप काढायला वाकली आणि खालूनच म्हणाली, "मी राहिले."

"तुकडीत?"

"हो. सर म्हणाले, गादी वाईट आहे. टेस्ट चांगली."

घरापर्यंत ती सायकलवर बसली नाही. हातात धरून माझ्या बाजूने चालली. मी भरभर चालतो, तिला जवळजवळ पळावं लागलं, पण तक्रार केली नाही. वाटेत तिने विचारलं, आजी कुठल्या बायकांवर काय बोलायची. मी दोन गोष्टी सांगितल्या. तिसरी तिच्या वयाला सांगण्यासारखी नव्हती.

गादी कोणाला नको होती म्हणून घरीच राहिली. नातीने एक दिवस मला न विचारता ती पुन्हा खिडकीजवळच्या खुर्चीत ठेवली आणि दिवा जोडून दिला. आता तिचं दुसरं गिऱ्हाईक सुरू झालंय, पाण्याच्या पंपाचं काहीतरी आहे. पण शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी खुर्चीकडे बघते आणि विचारते, "आज?"

मी म्हणतो, "थोडा वेळ बसलो. दिवा लागायच्या आधी उठलो."

"ओके," म्हणते आणि वर जाते. मी बूट घालतो.